बिशान पार्कातली नदी: पाहुणे विचारतात ते सगळे प्रश्न एकाच जागी

आमचा फ्लॅट सिंगापूरला आंग मो किओत, पार्कापासून चालत सात-आठ मिनिटांवर. त्यामुळे भारतातून कोणीही आलं की दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना नदीवर न्यायचं हे ठरलेलं, आणि तिथे गेल्यावर येणारे प्रश्नही ठरलेले. सगळ्यात जास्त प्रश्न माझ्या सासऱ्यांनी विचारले. ते पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेत, त्यामुळे पाणी दिसलं की त्यांना आधी उतार दिसतो आणि मग बाकीचं. त्यांच्या प्रश्नांची उत्तरं शोधता शोधता मीच बरंच शिकले. आता तेच तेच व्हॉट्सअॅपवर टाइप करायचा कंटाळा आला म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय, पुढच्या वेळी कोणी विचारलं की फक्त हे पाठवणार.

ही खरंच नदी आहे का? नाल्यासारखी वाटते.

नदीच आहे, कलांग. सिंगापूरची सगळ्यात लांब नदी, आणि तिची लांबी किती तर साधारण १० किलोमीटर. हसू नका, देशच तेवढा आहे. लोअर पिअर्स जलाशयातून निघते, बिशान, तोआ पायोह वगैरे वस्त्यांतून जाते आणि खाली मरीना जलाशयाला मिळते. कोरड्या दिवसात गेलात तर घोट्याएवढं पाणी असतं, लहान मुलं त्यात जाळी घेऊन मासे पकडत बसतात. म्हणून आपल्या लोकांना ती नाला वाटते. पावसाच्या दिवशी बघा, मग बोला.

आधी इथे काय होतं?

मी इथे आले २००८ ला, तेव्हा इथे काँक्रीटचा कालवा होता. सरळसोट, दोन्ही बाजूंना तिरक्या सिमेंटच्या भिंती, वर लोखंडी रेलिंग. एका बाजूला १९८८ सालचं बिशान पार्क, दुसऱ्या बाजूला बिल्डिंगी, आणि मधे हा कालवा. पलीकडच्या बिल्डिंगीतल्या माणसाला बागेत यायचं तर लांब वळसा घालून पुलावरून यावं लागायचं. कालव्याकडे कोणी बघायचं पण नाही हो, त्याला नदी म्हणतात हे मला वर्षभर माहीत नव्हतं.

२००९ ला काम सुरू झालं आणि १७ मार्च २०१२ ला तेव्हाचे पंतप्रधान ली सिएन लूंग यांच्या हस्ते नवीन पार्क उघडलं. २.७ किलोमीटरचा सरळ कालवा होता, त्याची ३.२ किलोमीटरची वळणं घेत जाणारी नदी झाली. पार्क एकूण ६२ हेक्टर. पाण्याचं खातं म्हणजे पीयूबी आणि बागांचं खातं म्हणजे एनपार्क्स, दोघांनी मिळून केलं, डिझाइन जर्मनीच्या आटेलिअर ड्रायझाइट्लचं.

आणि हे जुळून कसं आलं ते महत्त्वाचं आहे. कालवा जुना झाला होता आणि आजूबाजूला बांधकाम वाढल्यामुळे त्याला जास्त पाणी वाहून न्यायची गरज होती, म्हणजे तो तसाही तोडून मोठा करायचाच होता. त्याच सुमाराला बागेचंही नूतनीकरण होणार होतं. नेहमीप्रमाणे पीयूबीने आपला कालवा केला असता, एनपार्क्सने आपली बाग, आणि मधलं रेलिंग तसंच राहिलं असतं. इथे कोणीतरी दोन्ही फायली एका टेबलावर ठेवल्या. मला विचाराल तर सगळ्या प्रोजेक्टमधलं सगळ्यात अवघड काम हेच होतं.

मग आधी काँक्रीट घातलंच कशाला होतं?

घालणाऱ्यांना नावं ठेवू नका. वर्षाला साधारण २,४०० मिलिमीटर पाऊस, तोही धो धो तासाभरात पडणारा, जमीन सपाट, भरतीचं पाणी आत येतं. डिसेंबर १९७८ मध्ये इथे २४ तासांत ५१२ मिलिमीटर पाऊस झाला, सात माणसं गेली. अशा गावात इंजिनियर काय म्हणणार, पाणी लवकरात लवकर समुद्रात घालवा. गुळगुळीत सिमेंटवरून पाणी सुसाट जातं, कमी जागेत जास्त पाणी जातं, आणि उरलेल्या जागेवर घरं बांधता येतात. त्या काळाच्या हिशोबाने बरोबरच होतं. आज देशात आठ हजार किलोमीटरच्या आसपास नाले, गटारं, कालवे आहेत आणि त्यातले बहुतेक अजूनही काँक्रीटचेच आहेत, ही एक नदी बघून सगळं हिरवं झालं असं समजू नका.

काँक्रीट काढलं, गवत लावलं, मग पूर वाढला नाही का?

हा सासऱ्यांचा पहिला प्रश्न. काठावर उभे राहिले, चष्मा सारखा केला आणि म्हणाले, "अगं, यांनी मॅनिंगचा एन किती धरलाय?"

मॅनिंगचा एन म्हणजे काय ते त्यांनीच मला पुढचा अर्धा तास बाकावर बसवून सांगितलं. पाणी ज्याच्यावरून वाहतं तो पृष्ठभाग किती खरबरीत आहे त्याचा आकडा. चांगल्या काँक्रीटला साधारण ०.०१५, झाडंझुडपं गवत असलेल्या पात्राला त्याच्या दुप्पट-तिप्पट किंवा त्याहूनही जास्त. आकडा वाढला की वेग कमी. आणि नदी एका सेकंदाला किती पाणी नेते तर वेग गुणिले पात्राचं क्षेत्रफळ, एवढं सोपं गणित. म्हणजे तुम्ही गवत लावून वेग कमी केलात आणि पात्र होतं तेवढंच ठेवलंत तर पूर येणारच, त्यात काही शंकाच नाही. वेग घालवलात तर रुंदी द्यावी लागते.

आणि इथे तीच दिलीय. जुना कालवा १७ ते २४ मीटर रुंद होता. आता मोठ्या पावसात पाणी जवळजवळ १०० मीटरपर्यंत पसरू शकतं. तुम्ही ज्या उतारावर चटई टाकून बसता, जिथे मुलं पतंग उडवतात, कुत्री पळतात, ते सगळं नदीचं पात्र आहे. रोज ते बाग असतं, पावसात ते नदी असतं. वाहून न्यायची क्षमता जुन्या कालव्यापेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी वाढली. वेग कमी होऊनसुद्धा.

सासऱ्यांना हे पटायला दोन दिवस लागले. छत्रीच्या टोकाने उतार मोजत, पावलं टाकत त्यांनी पात्राची रुंदी स्वतः काढली, मग म्हणाले, "बरोबर आहे. जागा दिलीय बेट्यांनी." मला वाटतं सगळी गोष्ट या एका वाक्यात आली. लोक इथे येऊन फोटो काढतात फुलांचे आणि दगडांचे, पण बघायची गोष्ट आहे ती ही रिकामी सोडलेली जागा.

आणि ते काठ? पहिल्याच पावसात माती वाहून जात नाही?

नुसती माती असती तर गेली असती. वरून दिसत नाही पण आत बरंच काही पुरलंय. फांद्यांच्या मोळ्या बांधून काठाला आडव्या ठेवतात, त्या जिवंत फांद्या असतात, त्यांना मुळं फुटतात आणि ती मुळं माती धरून ठेवतात. कुठे दगड रचून त्यांच्या फटीत झाडं लावली, कुठे काथ्यासारख्या जाळीत रोपं, आणि जिथे पाणी वळणावर आदळतं तिथे गॅबियन. गॅबियन म्हटल्यावर सासऱ्यांचा चेहरा फुलला, कारण गॅबियन बंधारे त्यांनी आयुष्यभर ओढ्यांवर बांधले, तारेची जाळी, आत दगड. गावाकडे बांधावर वाळा लावतात त्यामागेही हीच अक्कल आहे, मुळं माती धरतात. फरक एवढाच की इथे त्याचं रीतसर डिझाइन झालं.

सिंगापुरात हे आधी कोणी केलं नव्हतं, युरोपातली पद्धत इथल्या उन्हापावसात चालेल का हेच माहीत नव्हतं. म्हणून २००९ मध्ये पार्कातच एका छोट्या नाल्याच्या ६० मीटर लांबीत दहा वेगवेगळ्या पद्धती करून बघितल्या, कुठली टिकते, कुठली वाहून जाते. त्यातल्या सात नदीसाठी घेतल्या. मला हे फार आवडतं. आधी ६० मीटर, मग तीन किलोमीटर.

एक गंमत म्हणजे हे काठ जितके जुने होतात तितके मजबूत होतात, मुळं वाढतात म्हणून. काँक्रीटचं उलटं. अर्थात कापणी, छाटणी, गाळ काढणं चालूच असतं.

आपण पाण्यात उभे असताना वरून पूर आला तर?

हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. इथलं पाणी मिनिटांत चढतं. म्हणून नदीच्या काठाने पाण्याची पातळी बघणारे सेन्सर आहेत, लाल दिवे, सायरन आणि स्पीकरवरून सूचना येते की बाहेर पडा. लाल खुणा लावल्यात कुठपर्यंत पाणी येऊ शकतं त्याच्या. आणि बुडणाऱ्याला फेकायच्या तरंगत्या रिंगा (लाइफबॉय) जागोजागी टांगल्यात. पात्र मुद्दाम पसरट उताराचं केलंय, त्याचाही फायदा असा की पाणी चढायला लागलं की तुम्ही चालत वर येऊ शकता, जुन्या कालव्यात पडलात तर भिंत चढून येणं अशक्यच होतं.

आमचा किस्सा सांगते. त्याच ट्रिपला, दुपारी चारची वेळ, सासरे नदीतल्या त्या पायऱ्यांसारख्या दगडांवरून पलीकडे चालले होते, एकेक दगड मोजत. डोक्यावर ऊन. तिकडे लांब जलाशयाच्या बाजूला आभाळ काळं झालेलं. सायरन वाजला, दिवे लागले, मी ओरडले "बाबा परत फिरा", आणि ते तिसऱ्या दगडावर उभं राहून मला सांगतायत की पाणी अजून गढूळ झालेलं नाही म्हणजे वेळ आहे. शेवटी नवऱ्याने जाऊन हात धरून आणलं. एक चप्पल तिथेच राहिली. आम्ही वर शेडमध्ये पोचलो आणि दहा मिनिटांत ते दगड दिसेनासे झाले, चहाच्या रंगाचं पाणी, त्याच्यात फांद्या, आणि ज्या गवतावर आम्ही डबा खाल्ला होता तिथपर्यंत. पाऊस थांबला, तासाभरात पाणी उतरलं पण. गवत सगळं एका दिशेला विंचरल्यासारखं आडवं झालेलं. चप्पल गेली ती गेलीच.

तर सायरन वाजला की गढूळ आहे का वगैरे बघत बसायचं नाही, सरळ वर यायचं.

वास का येत नाही?

हा खरा प्रश्न. आणि याचं उत्तर या पार्कात नाहीये, त्याच्या तीस वर्षं आधी आहे.

१९७७ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान ली क्वान यू यांनी सांगितलं की दहा वर्षांत सिंगापूर नदीत आणि कलांगमध्ये मासे पकडता आले पाहिजेत. तेव्हा या नद्या म्हणजे आपल्याकडच्या कुठल्याही शहरातल्या नदीसारख्याच होत्या, काळं पाणी आणि घाण वास. कलांगच्या खोऱ्यात शेकडो डुकरांचे आणि बदकांचे फार्म होते, त्यांचं सगळं नदीत. काठावर झोपड्या, संडास नदीवर, हातगाड्यांचं खरकटं नदीत, छोटे कारखाने. पुढची दहा वर्षं नुसतं हेच काम चाललं. घरांना ड्रेनेजची लाइन दिली, लोकांना सरकारी फ्लॅटमध्ये हलवलं, फेरीवाल्यांना हॉकर सेंटर बांधून दिली, फार्म बंद केले किंवा हलवले, मग गाळ काढला. १९८७ ला संपलं. सगळं गोड गोड झालं असं नाही हं, लोकांची घरं, धंदे, शेती गेली, म्हातारी माणसं अजून ती आठवण काढतात.

पण आज परिस्थिती अशी आहे की सांडपाण्याची लाइन वेगळी आणि पावसाच्या पाण्याची वेगळी, दोघांची भेट होत नाही. तुमच्या बेसिनमधलं पाणी प्लांटला जातं, शुद्ध होतं आणि त्यातलं बरंचसं परत वापरात येतं. नदीत येतं ते फक्त पावसाचं. मग ते काँक्रीटमधून न्या नाहीतर गवतातून, वास यायचं कारणच नाही. नदीकाठ सुंदर करून वास जात नसतो, उलट आधी वास गेला म्हणून काठावर बसता येतं.

इथलं पाणी लोक पितात असं ऐकलं, खरं का?

डायरेक्ट नाही हो. पण नदी जाते मरीना जलाशयात, त्याच्या तोंडावर २००८ ला मरीना बराज बांधलं, त्यामुळे समुद्राचं पाणी बाहेर आणि गोडं पाणी आत. ते पुढे शुद्ध होऊन नळाला येतं. म्हणजे तुम्ही पाय बुडवलेलं पाणी कधीतरी माझ्या चहात येणार आहे, तेव्हा पाय स्वच्छ ठेवा.

डास नसतील का एवढ्या झाडीत? डेंग्यूचं काय?

आईचा प्रश्न, आणि रास्त आहे, कारण डेंग्यू इथेही असतो. पण डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, कुंडीखालची ताटली, बादली, एसीचं पाणी. वाहत्या नदीत, जिथे मासे आणि चतुरांची पिल्लं अळ्या खायला टपलेली आहेत, तिथे त्याचं जमत नाही. इथली सरकारी माणसं घरी तपासायला येतात, कुंडीत अळ्या सापडल्या तर दंड होतो. संध्याकाळी पार्कात मला डास चावलेत का, तर हो, चावलेत. ओडोमॉस लावून या.

पाणमांजरं खरंच दिसतात का?

दिसतात. पहाटे किंवा संध्याकाळी या, आणि नशीब पाहिजे. १९७० च्या दशकात ती सिंगापुरातून नाहीशीच झाली होती, मग १९९८ च्या सुमाराला उत्तरेकडून एक जोडी आली आणि हळूहळू पसरली. २०१४ च्या आसपास इथे एक कुटुंब राहायला आलं, त्यांची पिल्लं झाली, लोकांनी त्यांचं नाव ठेवलं बिशान टेन, पेपरमध्ये फोटो, फेसबुकवर फॅन. पुढच्या वर्षी ते सगळं बिऱ्हाड नदीनेच खाली मरीनाकडे गेलं, आणि तिथे दुसऱ्या टोळीशी हद्दीवरून त्यांची मारामारी पण झाली. आपल्याकडच्या सोसायटीची आठवण येते अगदी.

माझ्या मालवणच्या मैत्रिणीला एवढं कौतुक दाखवलं तर ती म्हणाली, "ह्यो तर आमचो हूद." बरोबर आहे तिचं. कोकणात आणि गोव्यात खाडीला, कांदळवनात जे दिसतं ते हेच जनावर. मासेमारांची जाळी फाडतं म्हणून तिथे त्याला शिव्या बसतात. इथेही बंगल्यांच्या तळ्यात घुसून महागडे कोई मासे फस्त करतं आणि मालक रडतात. जवळ जाऊ नका, पिल्लं असतील तर अजिबात नाही.

बाकी बगळे, खंड्या, घोरपडी, चतुर भरपूर. पार्क झाल्यावर दोन वर्षांत जीवविविधता ३० टक्क्यांनी वाढली, ५९ जातींचे पक्षी आणि २२ जातींचे चतुर नोंदवलेत. आणि यातलं कुठलंही आणून सोडलेलं नाही, जागा झाली तशी आपली आपण आली.

म्हणजे ही आता नैसर्गिक नदी झाली?

नाही. इथे माझं आणि इथल्या मैत्रिणींचं वाजतं. ही इंजिनियरने काढलेली नदी आहे. कुठे वळायचं, कुठे रुंद व्हायचं हे कंप्युटर मॉडेलवर ठरलं, काठाच्या पोटात दगड आणि जाळ्या आहेत, आणि खाली तोआ पायोहच्या बाजूला गेलात तर तीच नदी परत काँक्रीटच्या कालव्यात शिरते. तीन किलोमीटर सुटका, मग परत जेल. जुनी कलांग कशी होती ते आता कोणालाच परत आणता येणार नाही, बिशान हे नाव तर इथल्या जुन्या चिनी स्मशानभूमीवरून आलंय, पेक सान, त्याचं मँडरिनमध्ये बिशान झालं. सगळं उलथापालथ होऊन बसलेलं गाव आहे हे. तरी काँक्रीटपेक्षा शंभर पटींनी बरं, एवढंच म्हणेन.

खर्च किती आला?

साधारण ७.६ कोटी सिंगापूर डॉलर. यात नदी आणि बाग दोन्ही आलं. महाग की स्वस्त हे ठरवताना एक लक्षात घ्या, जमीन विकत घ्यावी लागली नाही, बाग सरकारचीच होती. तीच जागा बिल्डिंगींखाली गेली असती तर हा आकडा कुठे गेला असता सांगता येत नाही, किंवा प्रोजेक्टच झाला नसता.

जुनं काँक्रीट कुठे टाकलं?

कुठेच नाही. पार्कात ती उंच टेकडी दिसते ना, रीसायकल हिल, ती त्या कालव्याच्या तुकड्यांचीच आहे. वर चढा, सगळी नदी दिसते. पतंग उडवायला बेस्ट.

मग सिंगापुरात आता पूर येत नाही?

येतो की. जून २०१० मध्ये ऑर्चर्ड रोडवर, म्हणजे इथल्या सगळ्यात पॉश शॉपिंगच्या रस्त्यावर, दुकानांत पाणी शिरलं होतं. तिथे नदीला द्यायला जागा कुठून आणणार, दोन्हीकडे मॉल. मग तिथे जमिनीखाली ३८,००० घनमीटरची टाकी आणि पाणी वळवायचा कालवा असं करावं लागलं, ते २०१८ ला पूर्ण झालं. म्हणजे जिथे जागा आहे तिथे बिशान, जिथे नाही तिथे टाकी आणि बोगदा. बिशानसारखी कामं करायची योजना २००६ पासून आहे, अॅक्टिव्ह, ब्यूटिफुल, क्लीन असं नाव, शंभराहून जास्त ठिकाणं त्यांच्या यादीत आहेत, पण बहुतेक छोटी. तळी, नाल्याच्या कडेचा बगीचा, असं. या आकाराचं दुसरं पटकन आठवत नाही.

आपल्या मुठेचं किंवा मिठीचं असं करता येईल का?

शंभरातले नव्वद पाहुणे हे विचारतात, आणि त्यातले ऐंशी उत्तर ऐकायला थांबत नाहीत, "आपल्याकडे काही होणार नाही" म्हणून पुढे जातात. थांबणाऱ्यांसाठी लिहिते.

मिठी घ्या. विहार आणि पवईच्या तलावातून निघते, माहीमच्या खाडीला मिळते, जवळपास १८ किलोमीटर. म्हणजे लांबीला कलांगच्या दुप्पटसुद्धा नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला आणि मुंबईला कळलं की आपल्याला नदी आहे. त्यानंतर ती रुंद केली, खोल केली, बाजूने भिंती बांधल्या. पण पाणी? त्यात अजून मैला आणि कारखान्यांचं पाणी येतंच. वर लिहिलेला १९७७ ते १९८७ चा भाग मिठीच्या बाबतीत अजून बाकी आहे, आणि काठावर हजारो माणसांचे संसार आहेत, त्यांना कुठेतरी नीट घर दिल्याशिवाय रुंदी कुठून येणार. आधी ते, मग गवत आणि फुलं.

मुठेचं गणित वेगळं. कलांग छोटी, पावसाची नदी, वर जलाशय असला तरी मुठेसारखी मोठ्या धरणांची साखळी नाही. मुठेच्या डोक्यावर खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर. पुण्यात पूर नुसता ढगातून येत नाही, धरणातून सोडल्यावर पण येतो. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हाची पाण्याची रेघ माझ्या आजीच्या घरात जिन्याच्या भिंतीवर होती, तिने ती रंगवू दिली नाही कधी, आणि आम्ही मुलं तिच्याशी आपली उंची मोजायचो. आणि जुलै २०२४ मध्ये खडकवासल्यातून ३५ हजार क्युसेक सोडले तेव्हा सिंहगड रोडला एकतानगरीत लोकांच्या पार्किंगमधून बोटी फिरल्या. इतकं पाणी बिशानच्या नदीत सोडलं तर टेकडीवर जाऊन बसावं लागेल.

म्हणून बिशान उचलून डेक्कनला ठेवता येणार नाही. पण एक गोष्ट आपल्याकडे कागदावर आधीच आहे. निळी रेषा आणि लाल रेषा. २५ वर्षांतून एकदा येणारा पूर जिथपर्यंत येईल ती निळी, १०० वर्षांतून एकदा येणारा ती लाल. निळीच्या आत बांधायचं नाही, असं म्हणतात. म्हणजे नदीची जागा किती हे आपण आखून ठेवलंय, सासरे म्हणतात तसं, "रेषा आम्हीच मारल्या, पुढे त्या कोणी वाचल्या नाहीत." बिशानमध्ये ज्या जागेत लोक चटया टाकून बसतात ना, ती म्हणजे त्यांची निळी रेषा समजा, फक्त तिच्या आत भराव नाही आणि लॉन्सवाल्यांची मंगल कार्यालयं नाहीत.

पुण्यात मुळा-मुठेच्या ४४ किलोमीटर काठाचं काम सुरू आहे, त्याच्यावरून आमच्या फॅमिली ग्रुपवर दोन पार्ट्या आहेत. काका म्हणतात एकदाचा काठ तरी दिसेल, मुलं सायकल चालवतील. मावसबहीण म्हणते काठावरची जुनी झाडं आणि पाण्याची जागा दोन्ही जाणार. मी कोणाच्या बाजूने? बिशानला उभी राहून मी एकच बघते, बांधकामानंतर पूर यायला रुंदी आधीपेक्षा जास्त उरते की कमी. इथे ती चौपट झाली. पुण्याच्या प्रत्येक टप्प्याच्या नकाशावर हाच एक आकडा आधी शोधा, झाडं किती लावणार ते नंतर. आणि दुसरं, वरून येणारं मैलापाणी कधी थांबणार त्याची तारीख.

ओढ्यांचं काय ते तर कोणी विचारतच नाही. सप्टेंबर २०१९ ला आंबिल ओढ्याने रात्रीत माणसं नेली. बिशानच्या आकाराचं काम शोधायचं असेल तर मला वाटतं ते आपल्याकडे मुठेवर नाही, ओढ्यांवर आहे. राम नदी, देव नदी, आंबिल ओढा, भैरोबा नाला. लांबीला, पाण्याला तेच कलांगचे नातेवाईक. ६० मीटर घ्या एखाद्या ओढ्याचे आणि करून बघा.

कसं जायचं, कधी जायचं, काय न्यायचं?

बिशान स्टेशनला उतरा, तिथून चालत पंधरा मिनिटं, किंवा बस. प्रवेश फुकट, गेट नाही, कुठूनही शिरा. मेरीमाउंट रोडमुळे पार्कचे दोन भाग झालेत, एकीकडे तळी आणि दुसरीकडे नदी, तुम्हाला नदीच्या भागात जायचंय हे लक्षात ठेवा, नाहीतर कमळं बघून परत याल, असे दोन पाहुणे झालेत आमचे. सकाळी सातला गेलात तर म्हातारे आजोबा ताई ची करत असतात आणि ऊन लागत नाही. दुपारी तीन-चारला आभाळ भरून येतं बहुतेक दिवस. मुलांना कपड्यांचा जास्तीचा सेट. कुत्र्यांसाठी वेगळी कुंपण घातलेली जागा आहे. झाडावर घुबडांची जोडी असते, खाली मोठे कॅमेरे घेऊन पाच-सहा माणसं मान वर करून उभी दिसली की समजा तिथेच.

आणि पट्ट्याच्या सँडल घाला, स्लिपर नकोत. सासरे पुण्याला गेलेत तरी इथे पाऊस झाल्याचं कळलं की त्यांचा मेसेज येतो, "तिसरा दगड बुडाला का?"